माहुली ते हरिपूर : कच्चा आराखडा

रजियाने नकाशा पसरला तो माझ्या ओट्यावर,
चार कागद सेलोटेपने जोडलेले,
एका कोपऱ्यावर हळदीचा डबा, दुसऱ्यावर लाटणं.
नदी एवढी वळते हे मला
चोवीस वर्षं पाटबंधारे खात्यात तिची पातळी लिहूनही
माहीत नव्हतं.
आमच्या रजिस्टरात ती सरळ असते,
फूट आणि इंच,
सकाळी आठ, संध्याकाळी पाच.

कयाक दोन. मालवणहून, सेकंडहँड.
एक पिवळी, एक निळी, निळीच्या बुडाला एमसील.
सध्या दोन्ही गच्चीवर.
सासूबाई पिवळीत सांडगे वाळवतात,
म्हणतात, कशाला तरी उपयोगी आली.
धाकटे दीर विचारतात, त्यापेक्षा काहील का नाही घेत?
गुळाच्या काहिलीतून आमचे आजोबा पूर ओलांडायचे.
खरंय. पण काहील गरगर फिरते,
आणि गरगर फिरणं
आम्हा दोघींचं करून झालंय.

महिना पौष.
उसाचा सीझन, बंधाऱ्यांना बरगे घातलेले,
पाणी तळ्यासारखं उभं.
लोक म्हणतात, किती शांत आहे नदी.
मी ऑफिसातली.
मला माहीत आहे, ती अडवलेली आहे.
दर बंधाऱ्याशी उतरायचं,
कयाक खांद्यावर, बाभळीतून वळसा,
पुन्हा पाणी.
रजियाने बंधाऱ्यांवर लाल पेनने खुणा केल्या
आणि मोजायचं मध्येच सोडून दिलं.

पहिला मुक्काम खोडशीच्या अलीकडे, शाळेच्या व्हरांड्यात.
कऱ्हाडला कोयना समोरून येऊन भिडते,
तिथं कडेनं राहा,
असं एका कोळ्याने दोनदा बजावलंय.
दुसरा रेठऱ्यात. तिसरा बह्यात,
जमलं तर त्याच्याही पुढे.
भिलवडीनंतर मगरी.
वनखात्याचे ऐनापुरे फोनवर हसले,
थंडीत त्या काठाला ऊन खात पडतात, दहा-साडेदहाला.
तुम्ही मधनं जावा.
थांबून फोटो काढू नका.

चौथ्या दिवसावरून रजियाचं बोट
आमणापुरावर आलं
आणि थांबलं नाही. तिला कुठं माहीत.

आमणापूरच्या घाटावर
रत्नाक्काचं मागचं दार उघडतं.
अकरा वर्षं झाली. आईच्या घंगाळावरून.
तांब्याचं, एक कान तुटलेलं.
माझ्याकडे आहे. वापरात नाही.

अकरा वर्षं मी तासगाववरून जाते,
लग्नाला उशिरा पोचते, अक्षता पडल्या की निघते.
रस्त्याला फाटे असतात.
कालवे पुष्कळ काढले आमच्या खात्याने,
नदीला बायपास नाही काढला.

बुर्लीतून पहाटे चारला निघालो
तर अंधारातच आमणापूर मागे पडेल.
ताशी पाच किलोमीटर, हेही मी मोजून ठेवलं होतं.
रजिया म्हणाली, अंधारात कशाला?
मी म्हटलं, मगरी.
ती म्हणाली, मगरी तर पुढे आहेत.

मग बराच वेळ
आम्ही परतीचं बोललो.
जाताना नदी नेईल, येताना कोण आणणार?
कुणाची तरी उसाची ट्रॉली, रिकामी होऊन परतणारी,
त्यात दोन कयाक आणि दोन बायका,
वाटेत सगळी पोरं मागे धावणार.
रजिया इतकी हसली की लाटणं गडगडत खाली गेलं
आणि माहुलीपासून कऱ्हाडपर्यंतची नदी
आपोआप गुंडाळली गेली.

ती लाटणं शोधायला वाकली तेव्हा
मी पेन्सिल घेतली, लाल पेन नाही.
चौथा दिवस. आमणापूर. दुपारी चार.
पुढे लिहिलं, चहा.
खोडलं.
बाटल्या भरून घेणे,
घाटाजवळच्या घरी विचारून.